घरचा जागल्या

वर्गात झोपणे हा आमच्या पेशात अपराध समजला जातो. गेली तीस वर्षे मी सरकारी शाळांत शिकवीत आलो, त्यांतली अखेरची काही मुख्याध्यापक म्हणून. पण बाकावर डोके टेकून डुलकी घेणाऱ्या मुलाविषयीचे माझे मत या सगळ्या काळात बदलले नव्हते. रात्री जागतो तो उनाड, आणि हल्लीच्या दिवसांत रात्री जागतो तो मोबाइलवर खेळतो, असा माझा सरळ हिशेब होता. तो किती चुकीचा होता हे मला एका पंधरा वर्षांच्या मुलाने शिकविले. ती हकीकत सांगताना संकोच वाटतो, कारण तिच्यात माझी बाजू फारशी शोभण्यासारखी नाही. तरी सांगतो, असे मूल आपल्यापैकी अनेकांच्या घरी असण्याचा संभव आहे.

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. इंदूरची थंडी पडली होती. दहावीचा एक मुलगा रोज पहिल्या तासाला झोपी जातो अशी तक्रार दोन शिक्षकांनी माझ्याकडे केली. मुलगा मराठी घरातला, रामबागेत राहणारा, आठवीपर्यंत गणितात हुशार म्हणून ओळखला जाणारा. एक दिवस मी स्वतः वर्गात गेलो, तेव्हा तो खरोखरच गाढ झोपला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणालो, "हे आमच्या शाळेचे कुंभकर्ण. यांना उठवायला ढोल-ताशे मागवावे लागणार!" चारशे मुले हसली. मुख्याध्यापकाच्या विनोदाला मुले नेहमीच हसतात. त्यात विनोदाचा मोठेपणा काही नसतो. मुलगा मात्र रडला नाही की रागावलाही नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. नऊवारी नेसलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. खुर्चीवर बसायलाही तयार होईना. शेवटी बसली आणि म्हणाली, "सर, पोराचं चुकलं तर त्याला रागवा, मारा हवं तर. पण झोपेवरून हसू नका. तो झोपतच नाही हो."

मग तिने सांगितले ते असे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मुलाच्या वडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आईलाही ताप होता. ती आतल्या खोलीत वेगळी राहत होती. भेटायला जाण्याची परवानगी नव्हती. रुग्णालयात जो फोन नंबर लिहून दिला होता तो घरातला एकुलता फोन, आणि तो या बारा वर्षांच्या मुलाजवळ असे, कारण शाळा त्या वेळी फोनवरच भरत होती. दुपारच्या तासाला त्याने फोनचा आवाज बंद केला आणि पुन्हा चालू करायचा विसरला. रात्री फोन उशाशी ठेवून तो झोपला. सकाळी सहाला पाहतो तो दोन ते तीनच्या दरम्यानचे पाच फोन येऊन गेलेले. वडील रात्री अडीचच्या सुमारास गेले होते.

"तेव्हापासून," आजी म्हणाली, "रात्री दोन वाजले की हा उठून बसतो. फोन हातात धरतो. पहाट होईपर्यंत बसतो. आम्हाला वाटलं, खेळतोय. सूनबाईनं एकदा फोन काढून घेतला, तर अंगाला कापरं भरलं त्याच्या."

ती गेल्यावर मी बराच वेळ कचेरीत एकटाच बसून राहिलो. शिपायाने आणलेला चहा निवून गेला. आपल्याला या गोष्टीची ओळख पूर्वीच झाली होती, एकदा नव्हे दोनदा, आणि तरी आपण ती ओळखली नाही, हे राहून राहून मनात येत होते.

पहिली वेळ भोपाळची. १९८४ च्या २ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. त्या वेळी मी नववीत होतो. १६ डिसेंबरपासून टाकीत उरलेल्या रसायनाचा निकाल लावण्याचे काम व्हायचे होते. सरकारने कितीही धीर दिला तरी लोकांनी पुन्हा गाव सोडले. त्या लोंढ्यात माझी मावशी दोन मुलांना घेऊन आमच्याकडे इंदूरला आली. धाकटा मावसभाऊ दहा वर्षांचा. तो रात्री पायांत बूट घालूनच अंथरुणावर पडे. काढायला सांगितले की रडे. त्या रात्री तो अनवाणी पळाला होता. आम्ही मुले त्याला हसायचो, आणि माझे वडील म्हणायचे, "लहान आहे, विसरेल." मोठेपणी त्याने मला सांगितले की पुढे कित्येक वर्षे खोकल्याच्या आवाजाने त्याला दचकून जाग येत असे.

त्या वेळी मोठी माणसेही या दुखण्याला नाव देऊ शकत नव्हती. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या या विकाराला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले ते १९८० मध्ये. म्हणजे भोपाळच्या वेळी ते नाव अवघे चार वर्षांचे होते. पुढे लखनौचे डॉ. बी. बी. सेठी आणि बंगळूरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांच्यासारख्या तज्ज्ञांनी भोपाळच्या रुग्णांत काम केले आणि तेथील साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना मनाची दुखणी ओळखायला शिकविले. डोळे आणि फुप्फुसे यांच्याबरोबर माणसांचे मनही त्या रात्री भाजून निघाले होते, ही गोष्ट आपल्याकडे तेव्हा कोठे कागदावर आली.

दुसरी वेळ किल्लारीची. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. तिकडची जुनी घरे दगड-मातीची; भिंती दोन-दोन हात जाड आणि वर मातीचे जड माळवद. जे छप्पर उन्हाळ्यात घर थंड ठेवी, तेच झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. इंदूरच्या काही मराठी मंडळींनी घोंगड्या, कपडे आणि धान्य गोळा केले, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ते घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये मीही होतो. एम.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती, नोकरी नव्हती, वय तेवीस.

तेथे पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चार रात्री राहिलो. शेजारच्या शेडच्या दाराशी एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी रात्रभर हातात काठी घेऊन बसलेली असे. जमिनीला अधूनमधून बारीक हादरे बसत, तेव्हा ती उभी राही. मी तिला विचारले, "ताई, झोपत का नाहीस?" ती म्हणाली, "म्या झोपले की भित पडती." अगदी शांतपणे, एखादा हिशेब सांगावा तसे. भूकंपाच्या रात्री तिचा धाकटा भाऊ तिच्या कुशीत होता, एवढे मला नंतर कळले. चौथ्या रात्री शेजारची एक म्हातारी उठली, मुलीजवळ जाऊन बसली, तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाली, "निज लेकी, म्या जागी हाय." मुलगी म्हातारीच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. सकाळी आम्ही निघालो तेव्हाही झोपलेलीच होती आणि म्हातारी काठी धरून तशीच बसलेली होती.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांनी पोरक्या झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' उभे केले. या कामांविषयी मी वेळोवेळी वाचले, विद्यार्थ्यांना सांगितलेही. पण ती म्हातारी आणि ती काठी मात्र माझ्या मनातून पुसून गेली होती. तीस वर्षांनी रामबागेतल्या एका आजीने ती पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवली.

जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालून गावाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. इतरांनी झोपावे म्हणून तो जागायचा. ज्या मुलावर झोपेत असताना घाला पडला, ते मूल मनातल्या मनात घरचा जागल्या बनते. किल्लारीच्या मुलीने काठी घेतली, भोपाळच्या मुलाने बूट घातले, माझ्या विद्यार्थ्याने फोन हातात धरला. 'मी जागा असतो तर हे झाले नसते' हा त्या पहाऱ्याचा अर्थ. मोठ्यांना तो खोटा दिसतो. मुलाला तो पटलेला असतो. अशा मुलाला "झोप रे" म्हणून दटावणे म्हणजे शिपायाला ठाणे सोडून जायला सांगण्यासारखे आहे. तो जाणार नाही. त्याची जागा घ्यायला दुसरे कोणी आल्याशिवाय त्याने जाऊही नये, असे त्याला वाटते.

आजी येऊन गेल्यानंतर आठ दिवसांनी मुलाच्या आईला आणि त्याला घेऊन मी एका सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. आई प्रथम तयार नव्हती. "लोक काय म्हणतील, सर? पोराला वेड लागलं म्हणतील." मी तिला म्हणालो, "लोक पुष्कळ काही म्हणतात. परवा मीच चारशे मुलांसमोर म्हणालो." त्यावर ती काही बोलली नाही, पण आली.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मला जसे कळले तसे लिहितो. संकट आले की शरीरात धोक्याची घंटा वाजते. हृदय धडधडते, कान टवकारतात. संकट टळले की ती थांबायला हवी. काहींच्या बाबतीत ती थांबत नाही, मंद वाजतच राहते. झोप तर शरीर निर्धास्त झाल्याशिवाय येत नाही. आली तरी तुटक येते आणि स्वप्नात तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. दिवसभराच्या आठवणींची मांडामांड करणे, त्यांतली भीतीची धार बोथट करणे, हे काम बरेचसे झोपेत होत असते. विशेषतः स्वप्ने पडतात त्या झोपेत. झोपच मोडली की दुःख जिथल्या तिथे राहते, आणि दुःख राहिले म्हणून पुन्हा झोप मोडते. विहिरीच्या रहाटासारखे हे चक्र फिरत राहते. म्हणून न झोपणे हे केवळ दुखण्याचे लक्षण नाही. दुखणे टिकवून ठेवणारे तेही एक कारण आहे. त्यात हे वय असे की शरीराचे घड्याळच तास-दोन तास पुढे सरकलेले असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. आपण त्याला सहा तासही मिळू देत नाही आणि वर आळशी म्हणतो.

गोळ्या त्यांनी लगेच दिल्या नाहीत. आठवड्यातून एकदा मुलाशी एकान्तात बोलणे सुरू केले. पहिले तीन आठवडे तो गप्पच होता. चौथ्या आठवड्यात त्याने त्या पाच फोनांविषयी सांगितले. तीन वर्षांत प्रथमच, स्वतःच्या तोंडाने. फोन उचलला असता तरी वडील वाचले नसते, त्या दिवसांत घरच्यांना आतही सोडत नव्हते, हे डॉक्टरांनी त्याला सांगितले. मुलगा म्हणाला, "ते मला माहीत आहे. पण त्यांना वाटलं असेल ना, की मी झोपलोय." आईने हे मला सांगितले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. डॉक्टरांनीही बहुधा घाईने दिले नसावे. काही वाक्यांना उत्तर लागत नाही. ती कोणीतरी ऐकून घ्यावी लागतात.

पुढे त्यांनी एक अभ्यास दिला. वारंवार पडणारे वाईट स्वप्न दिवसाउजेडी वहीत लिहायचे, मग त्याचा शेवट स्वतःला हवा तसा बदलायचा, आणि तो बदललेला शेवट रोज थोडा वेळ डोळे मिटून पाहायचा. ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे असे मला कळले. मुलाने शेवट काय बदलला हे मी विचारले नाही. ती वही त्याची आहे.

घरी जे करायचे ते आजीने केले. मी तिला किल्लारीच्या म्हातारीची गोष्ट सांगितली होती. तिने फोन स्वतःजवळ घेतला, त्याचा आवाज मोठा करून घेतला आणि नातवाला म्हणाली, "आजपासून रात्रीचा फोन माझ्याकडे. मला तशीही झोप येत नाही. वाजला तर मी उचलीन." पहिल्या रात्री तो दोनदा उठून तिच्याजवळ फोन आहे ना हे पाहून गेला. दुसऱ्या रात्री एकदा. महिन्याभराने तो पहाटे चारपर्यंत सलग झोपू लागला. काही रात्री आजही वाईट जातात. एप्रिल महिना तर फारच. पण जाग आली तरी तो एकटा बसून राहत नाही, आजीला हाक मारतो.

राहिला माझा भाग. जानेवारीत एका सकाळी प्रार्थनेनंतर मी मुलांना म्हणालो, "मागच्या महिन्यात मी एका विद्यार्थ्याच्या झोपेची इथे चेष्टा केली. माझे चुकले. कारण न विचारता हसणे शिक्षकाला शोभत नाही." कारण काय ते सांगितले नाही, तो हक्क माझा नव्हता. या वेळी कोणी हसले नाही. पहिल्या तासाच्या शिक्षकांशी बोलून ठरविले की त्याला तास चुकवावा लागला तर चालेल, दुपारी भरून घेऊ. शाळेचे वेळापत्रक मला बदलता येत नाही; एका मुलापुरती सवलत देता येते, आणि ती द्यायला कोणाच्या हुकमाची गरज पडत नाही.

आपले इंदूर रात्री जागणारे शहर म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकाने सराफ्यात नेतो. सोन्याची दुकाने मिटली की तेथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत गर्दी हलत नाही. घराघरांत मिटल्या दारांआड जे जागतात ते मात्र आपल्याला दिसत नाहीत. अपघात, आजार, आग, पूर, घरातला एखादा मृत्यू किंवा जवळच्याच माणसाने केलेला अत्याचार, यांपैकी कशातून तरी एखादे मूल गेले असेल आणि महिना उलटूनही ते रात्री दचकत असेल, दिवा मालवू देत नसेल, एकाएकी चिडत असेल, आवडीच्या खेळातून उठून जात असेल, तर 'विसरेल हळूहळू' म्हणून वाट पाहू नका. जगण्यात अर्थ नाही अशा तऱ्हेचे काही ते बोलले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. झोपेच्या गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नका.

आणि डॉक्टरांच्या आधी, डॉक्टरांच्या बरोबर आणि डॉक्टरांच्या नंतरही एक काम घरच्यांचेच राहते. मुलाच्या अंथरुणाशी बसून त्याला सांगावे लागते की आता मी जागा आहे. हे एकदा सांगून भागत नाही. आणि सांगितल्यावर खरोखरच जागे राहावे लागते, कारण पहारा कोण देतो आहे हे मूल रात्री उठून पाहते.

तो मुलगा दहावी पास झाला. गुण बेताचेच मिळाले. परीक्षा संपल्यावर मार्चमध्ये एका दुपारी तो पुस्तके परत करायला आला होता. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या बाकावर, पंख्याखाली, पुस्तक उघडे ठेवूनच त्याला झोप लागली. चार वाजता ग्रंथपाल मला विचारायला आले, "सर, बंद करायची वेळ झाली. उठवू का त्याला?"

मी म्हणालो, "नको. किल्ली माझ्याकडे द्या. मी बसतो."